दोन बांगड्यांचा आवाज



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ९, श्लोक ५ ते १०.

अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी ही विसावी, कुमारी. गोष्ट सगळ्यांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. मुलीला बघायला पाहुणे येतात. घरचे नेमके बाहेर गेलेले. पाहुण्यांचं स्वागत तीच करते आणि त्यांच्या जेवणासाठी आत एकटी साळी कांडायला बसते. हातातल्या शंखाच्या बांगड्या वाजू लागतात. तिला लाज वाटते. एकेक करून ती बांगड्या फोडते, दोन्ही हातांत दोन-दोन ठेवते. त्याही वाजतात. मग एकेकच ठेवते, तेव्हा आवाज थांबतो. यावरून अवधूत यदुराजाला सांगतो की पुष्कळ जण एकत्र राहिले की भांडण होतं, दोघं असले तरी बोलणं होतंच, म्हणून एकट्यानं राहावं.

खरं सांगतो, हा माझा आवडता उतारा होता. चाकूरला आमचं घर म्हणजे आजोबांची पाच मुलं, तीन मुली, त्यांच्या सुना-जावई आणि आम्ही एकोणीस नातवंडं. संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला भजन, चातुर्मासात नाथांच्या भागवताची पोथी. आणि मधल्या वेळात भांडणं! मी इंजिनिअरिंगला बाहेर पडलो तो पुण्यातच राहिलो. वन बीएचके, हेडफोन, पहाटेचं वाचन. कुणी विचारलं, गावाकडं का येत नाहीस, की मनात हाच श्लोक तयार असायचा. एकच बांगडी, आवाज नाही.

गेल्या वर्षी आबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. (मी गणित करून पाहिलं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना २९,५३० दिवस, साधारण ८० वर्षं १० महिने. आपल्या लोकांनी एक्याऐंशीव्या वर्षाचा हिशोब उगीच धरलेला नाही.) चार वर्षांपूर्वी घरात चुली वेगळ्या झाल्यात, भिंत एक आणि दारं चार. आबांची एकच अट होती, त्या दिवशी स्वयंपाक एका चुलीवर आणि सगळे एका पंगतीत.

खर्चाचं काम माझ्याकडं आलं. मी एक्सेल शीट केली : मंडप, आचारी, गुरुजी, ८१ दिव्यांचं औक्षण, सगळ्यांना टोप्या-टॉवेल. प्रत्येक घराचा वाटा, भरलेली रक्कम, बाकी रक्कम. बाकी असलेल्यांची ओळ आपोआप लाल व्हायची. आणि ही शीट मी फॅमिली ग्रुपवर टाकली. ऑफिसात आम्ही रोज हेच करतो, त्यात कुणाला काही वाटत नाही.

लाल ओळ एकच होती, मधल्या काकांची. दहा मिनिटांत काका ग्रुप सोडून गेले. रात्री आईचा फोन, "काय केलास रे हे?" मला खरंच कळेना. आकडे तर बरोबर होते.

त्या आठवड्यात मी परत हेच सहा श्लोक वाचायला घेतले, आणि इतकी वर्षं ज्यावरून पुढं जात होतो तिथं अडकलो. त्या मुलीला लाज कशाची वाटली? आवाजाचा त्रास तिला झालाच नव्हता. टीकाकार कारण देतात की घरच्या मुलीला स्वतः साळी कांडावी लागते, म्हणजे घरात कांडलेले तांदूळ नाहीत, कांडायला माणूसही नाही. ही घरची ओढाताण बाहेर बसलेल्या पाहुण्यांच्या कानावर जाईल, याची ती लाज. तिला एकांत वगैरे नको होता. बांगड्या फोडल्या त्या बापाची अब्रू झाकायला. एकांताचा बोध अवधूतानं घेतला, तो संन्यासी होता, त्याला तो शोभतो. मी त्याचा बोध उचलला आणि तिचं कारण सोडून दिलं.

आणि आमच्या ग्रुपमध्ये कोण होतं? काकांचे नवे जावई होते. मुलीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यात काकांचं सोयाबीन ऐन काढणीत पावसानं भिजून गेलेलं. म्हणजे बाहेर पाहुणे बसलेले आणि मी आत बसून जोरजोरात कांडत होतो.

इथं नाथ महाराजांची आठवण येतेच. एकनाथी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले, पुढचे काशीत, आणि १५७३ साली ग्रंथ तिथंच पुरा झाला. म्हणजे कुमारीची ही गोष्ट नाथांनी घरापासून लांब बसून मराठीत आणली. पण राहायचं कसं, तर बायकोमुलांत, अन्नदानाच्या गर्दीत. त्यांच्या घरातही आवाज होताच. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडिलांनी मराठीत पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना, म्हणून तो काशीला निघून गेला. चरित्रकार सांगतात, नाथ स्वतः त्याला आणायला गेले आणि त्याच्या अटी मान्य केल्या, मराठी पुराण बंद, परान्न बंद. ज्या माणसानं मराठीसाठी एवढं सोसलं त्यानं लेकराला घरी आणायला गप्प बसणं कबूल केलं! पुढं हरिपंडिताचं मन पालटलं तेही वडिलांच्या वादविवादानं नव्हे. हा प्रसंग मी लहानपणी पोथीनंतर आबांकडून कितीदा ऐकलाय, पण तेव्हा मला त्यातला चमत्काराचा भागच आवडायचा.

शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो, सकाळी चाकूर. आमच्या दारात न जाता आधी काकांच्या दारात गेलो. काकू भाकरी थापत होत्या. काका पेपर वाचत होते, वर बघितलंच नाही.

म्हटलं, "काका, चुकलं माझं. शीट काढून टाकलीय."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "हिशोब बरोबरच हाय रे बाळा. पण जावयानं वाचला की."

यावर काय बोलणार? बसून राहिलो. काकूंनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुढं ठेवली. खाता खाता काका म्हणाले, पैसे दिवाळीपर्यंत देतो. मी म्हणालो, तुमचं तुम्ही आणि बाबा बघा, मी आता हिशोबात नाही. ते हसले नाहीत, पण पेपर खाली ठेवला.

कार्यक्रम झाला. आचाऱ्याजवळ उभं राहून भाताचं आणि वांग्याच्या भाजीचं सगळं काकांनीच बघितलं. औक्षणाला आबांसमोर ८१ दिवे लावले, वाऱ्यानं सारखे विझत होते आणि नातवंडं परत लावत होती, त्यात अर्धा तास गेला. पंगतीत बाबा आणि काका शेजारी बसले नाहीत. मधे दोन पाट सोडून बसले. बाबांनी वाढप्याला हाक मारून काकांच्या पानाकडं बोट दाखवलं, "तिकडं बुंदी वाढ," एवढंच. आबा बघत होते.

काका अजून ग्रुपवर आलेले नाहीत. मी त्यांना आता रविवारी फोन करतो. पाच-सात मिनिटं, बहुतेक पावसावरच बोलणं होतं.

उद्या श्लोक ११ ते १३, बाण घडवणारा. वाचून या.