कळल्यावर काय करशील, ते आधी ठरव

वाई,
वटपौर्णिमा

चि. सायली हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, माझ्या जागी तू असतीस तर टेस्ट केली असतीस का?" आणि लगेच पुढे म्हणालीस, "म्हणजे आपण कधी जाणार हे आधी कळलेलं बरं, की न कळलेलंच बरं?" घाईत उत्तर द्यावं असे हे प्रश्न नव्हेत, म्हणून सवडीने लिहिते आहे. तुझ्या जागी मी आहेच, हेही लक्षात ठेव. तुझ्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, हंटिंग्टनचा आजार होता, आणि तुझ्या बाबांना, माझ्या दादाला, तो निघाला. तो माझ्यातही असण्याची शक्यता जन्मापासून निम्मी होती. वय वाढलं तशी ती कमी होत आली, पण संपलेली नाही. तेव्हा काठावर उभं राहून हे सांगते आहे असं समजू नकोस.

आधी टेस्ट काय सांगते ते नीट समजून घे. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तेवढं तरी मला नीट सांगता येईल. आपल्या चौथ्या गुणसूत्रावर हंटिंग्टनचं जनुक आहे. त्यात सी-ए-जी अशी तीन अक्षरांची जोडणी पुन्हा पुन्हा येते, आणि ती किती वेळा येते एवढंच ही रक्ततपासणी मोजते. 26 पर्यंत आली तर काळजी नाही. 27 ते 35 असेल तर त्या माणसाला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत हा आकडा वाढू शकतो. 36 ते 39 मध्ये होईल किंवा होणारही नाही. 40 किंवा त्याहून जास्त असेल, तर पुरेसं आयुष्य मिळालेल्या माणसाला तो होतोच. लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतात आणि तिथून पुढे साधारण 15 ते 20 वर्षं आजार चालतो. आकडा मोठा असला तर लक्षणं लवकर दिसतात, हा कल खरा आहे. पण तो समूहाचा कल आहे. सारखाच आकडा असलेल्या दोन माणसांची लक्षणं सुरू होण्यात बऱ्याच वर्षांचं अंतर पडू शकतं. म्हणजे रिपोर्टवर तुझं भविष्य असेल, तारीख नसेल.

तारीख सांगणारे दुसरीकडे आहेत. वहिनीने तुझी पत्रिका दाखवून आणली आणि तिथे अष्टमस्थानाबद्दल काहीबाही ऐकून ती दोन रात्री झोपली नाही, हे मला कळलं. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या घाबरण्याला दुसरी वाट सापडली नाही. पण तिला एक गोष्ट शांतपणे सांग. जयंत नारळीकरांनी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत एक चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं अशा 200 मुलांच्या पत्रिका जमवल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साधारण एवढीच बरोबर आली असती. हुशारी न ओळखू शकणारा कागद आयुष्याची मर्यादा ओळखतो, यावर विश्वास ठेवून कुणी झोप घालवू नये.

आता एका बाईबद्दल सांगते. तिचं नाव नॅन्सी वेक्सलर. 1968 साली अमेरिकेत तिच्या आईला हाच आजार असल्याचं निदान झालं. वडिलांनी नॅन्सीला आणि तिच्या बहिणीला जवळ बसवून स्पष्ट सांगितलं की तुम्हा दोघींनाही तो होण्याची शक्यता निम्मी आहे. त्याच वर्षी त्यांनी संशोधनासाठी संस्था उभी केली. नॅन्सी 1979 पासून व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठच्या गावांत जायला लागली. तिथे हा आजार असलेल्या माणसांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त होतं. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी हजारो लोकांचे रक्ताचे नमुने गोळा केले, मोठी वंशावळ मांडली. त्याच नमुन्यांच्या आधारे 1983 साली चौथ्या गुणसूत्रावर या आजाराची खूण सापडली आणि 1993 साली प्रत्यक्ष जनुक हाती लागलं. ज्या टेस्टबद्दल तू विचारते आहेस ती या बाईच्या कष्टातून आली. टेस्ट आली तेव्हा तिने ती स्वतः करून त्याचा निकाल जगासमोर ठेवला नाही. काम करत राहिली. 2020 साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने जाहीरपणे सांगितलं की हा आजार आपल्यालाही आहे.

तिची गोष्ट मी तू टेस्ट करू नयेस म्हणून सांगत नाही. निकाल न घेताही माणूस या आजाराच्या छातीवर चढून काम करू शकतो, एवढंच त्यातून घे. टेस्ट येण्याआधी विचारलं तेव्हा बहुतेकजण म्हणत, मिळाली तर नक्की करू. प्रत्यक्षात मिळाली तेव्हा बऱ्याच देशांत पाचातला एक, कुठे त्याहूनही कमी लोक पुढे आले. त्यांना भित्रे म्हणणं चूक आहे. आणि जे पुढे आले त्यांनाही उतावळे म्हणता येणार नाही. कॅनडात 1992 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नीट समुपदेशन घेऊन ज्यांनी निकाल घेतला, त्यांच्यात वाईट निकाल मिळालेलेसुद्धा वर्षभराने मनाने आधीपेक्षा सावरलेले दिसले. टांगणी संपली होती. चांगला निकाल मिळालेल्यांतल्या काहींना मात्र तो सोसणं जड गेलं. आपण सुटलो, भाऊ सुटला नाही, हे त्यांना खुपत राहिलं. तुला विनयसारखा भाऊ आहे, म्हणून हे आवर्जून लिहिते. रिपोर्ट चांगला आला तर सगळं सुरळीत होईल असं धरून जाऊ नकोस.

मग कसं ठरवायचं? इतकी वर्षं यावर विचार करून मी एका मताला आले आहे. जी माहिती कामाला लावता येते ती माणसाने धीर करून घ्यावी. जी नुसती बाळगावी लागते, तिच्या मागे लागू नये. कोणी मला माझ्या मरणाची तारीख देऊ केली तर मी ती घेणार नाही. ती कळल्यावर मी जे करीन म्हणते, म्हणजे माणसांना भेटणं, भांडणं मिटवणं, कागदपत्रं करणं, ते सगळं मी मरणार आहे एवढ्या माहितीवर आजही करायला हवं. तारखेने त्यात भर पडते ती दिवस मोजण्याची.

आजाराचं जनुक आहे की नाही, ही माहिती वेगळी. ती कुणाच्या हाती काम देते, कुणाच्या देत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या जनुकाची चाचणी केली तर पुढे तपासण्या लवकर सुरू करता येतात, शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. हंटिंग्टनवर आज डॉक्टर सर्रास लिहून देतील असं, आजार थोपवणारं औषध नाही. नव्या जनुकोपचारांच्या चाचण्या चालू आहेत आणि त्यांच्याकडे मी आशेने पाहते, पण आशेवर टेस्टचा निर्णय घेऊ नये. तरी तुझ्यापुढे एक खरं काम आहे: मूल. लग्नानंतर तुला आणि ऋषिकेशला मूल हवं असेल आणि ते या आजारातून सुटलेलं हवं असेल, तर आयव्हीएफमध्ये गर्भ रुजवण्याआधी तपासता येतो. त्यासाठी कळणं उपयोगाचं आहे. माझ्या हाती असं काही काम नव्हतं. आजीच्या आजाराला घरात नाव मिळालं तोवर माझी मुलं मोठी झाली होती. म्हणून मी टेस्ट केलेली नाही आणि त्याबद्दल मला चुटपुट नाही.

म्हणून एक कर. एका कागदावर दोन रकाने आख. एकात "हो" आलं तर पुढच्या पाच वर्षांत काय वेगळं करशील ते लिही, दुसऱ्यात "नाही" आलं तर काय करशील ते. दोन्ही रकान्यांत तेच ते आलं, तर टेस्टची घाई नाही. दोन्ही खरोखर वेगळे निघाले, तर जा. आणि "नुसतं कळायला हवं, राहवत नाही" एवढंच कारण उरलं, तर आणखी काही महिने थांबून हाच कागद पुन्हा वाच.

ही माहिती एकट्याची राहत नाही, याचाही विचार कर. उद्या माझ्या मुलाने टेस्ट केली आणि त्याच्यात हे जनुक निघालं, तर मी न विचारताच माझं उत्तर मला मिळेल. त्याला मी सांगून ठेवलं आहे की माझ्यासाठी अडून राहू नकोस. तुझ्या निकालाने विनयचा निकाल लागत नाही, पण त्याच्यावर दडपण येईलच. जायच्या आधी त्याच्याशी बोल. "मला ऐकायचं नाही" म्हणाला तर ते पाळ.

आज इथे बायका वडाला सूत गुंडाळत होत्या. सत्यवानाला एक वर्ष आयुष्य उरलं आहे, हे नारदाने लग्नाआधी सांगितलं आणि सावित्रीने तरी त्यालाच वरलं. तिच्याजवळ तारीख होती आणि तिने ती कामाला लावली. तीन रात्री व्रत केलं आणि त्या दिवशी हट्टाने त्याच्याबरोबर रानात गेली. तिच्या धैर्यापुढे मी नमते. पण वर्षभर सासरी कुणालाही काही न सांगता तिने ते एकटीने वाहिलं, तेवढं तिच्याकडून घेऊ नकोस. ऋषिकेशला बाबांचा आजार, तो तुला होण्याची शक्यता आणि मुलांपर्यंत पोचण्याची शक्यता लग्नाआधी सगळं सांग. टेस्ट करायची की नाही हा तुझा हक्क आहे. पण हे लपवून लग्न करण्याचा हक्क तुला नाही, असं मी स्पष्ट म्हणते. ऐकून तो गेला तर रडू येईल, ते येऊ दे. आणि त्याच्या घरच्यांनी "आधी रिपोर्ट आणा" अशी अट घातली, तर त्या अटीखातर सुई टोचून घेऊ नकोस. दुसऱ्याच्या समाधानासाठी घेतलेला निकाल जन्मभर तुलाच सांभाळायचा आहे.

जायचं ठरलं तर परस्पर लॅबमध्ये रक्त देऊ नकोस. न्यूरॉलॉजिस्ट आणि जेनेटिक कौन्सेलर दोघे असतील अशा मोठ्या रुग्णालयात जा. एकाहून जास्त वेळा बोलणं होऊ दे. सोबत कुणाला तरी ने, पण मला नको आणि विनयला नको, आम्ही दोघं त्याच रांगेत आहोत. तुझी एखादी मैत्रीण ने. रक्त दिल्यानंतरही निकाल न घेता परत यायची तुला मुभा आहे, हे विसरू नकोस. नोकरी बदलताना, लग्नाच्या गडबडीत किंवा बाबांची तब्येत बिघडलेली असताना हे काम काढू नकोस.

आपल्या घरात आजीचे हातपाय आपोआप हलायला लागले, चालताना तोल जायला लागला, तेव्हा गावाने बाहेरची बाधा म्हटलं आणि घरच्यांनी तिला माजघराबाहेर येऊ दिलं नाही. पाहुणे आले की दार लोटलं जाई. जगभर अशी घरं आहेत. 2017 साली पोपनी अशा कुटुंबांना व्हॅटिकनमध्ये बोलावून भेट दिली, ती हा आजार यापुढे लपवायचा नाही हे सांगण्यासाठीच. दादाच्या बाबतीत आपण दार लोटायचं नाही. सोसायटीत कुणी विचारलं तर आजाराचं नाव घेऊन सांग.

आणि तुझ्या निर्णयाला वेळ लागला तरी चालेल, पण दादाच्या बाबतीत थांबून चालणार नाही. या आजारात पुढे बोलणं अस्पष्ट होतं, विचारशक्तीही मंदावते. आज दादाला सगळं कळतं आणि बोलताही येतं. पुढे नळीने अन्न द्यायचं का, व्हेंटिलेटर लावायचा का, घरी ठेवायचं की रुग्णालयात, हे त्यालाच विचारायला हवं आणि ते आत्ताच. अशा इच्छा आधी लिहून ठेवण्याचा, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्राचा, हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केला आणि 2023 साली त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करता येतं. वहिनीला हे अशुभ वाटेल. तिला सांग, की हे केलं नाही तर ते निर्णय एखाद्या रात्री आयसीयूच्या दाराशी तिला एकटीला घ्यावे लागतील.

दादाचा आजार पुढे कुठे जाणार, ही आपल्या घरातली आज कामाला लावता येण्यासारखी माहिती आहे. पुढच्या आठवड्यात मी पुण्याला येते. दादाशी मी बोलते, तू नोटरीकडे वेळ ठरव आणि विनयला त्या दिवशी सुट्टी घ्यायला सांग. तुझ्या दोन रकान्यांचा कागद मला दाखवायची गरज नाही. तो तुझ्याजवळच ठेव.

तुझी,
आत्या