गाण्याचे दप्तर

शिरवळ, ता. खंडाळा, जि. सातारा

चि. बाळास,


तुझे पत्र पोहोचले. तीन बँडांची गाणी ध्वनिमुद्रित करून ती स्वतःच्या लेबलाच्या नावाने प्रसिद्ध करावी आणि त्यांचा पुकारा मोबाइलच्या पडद्यावरून जगभर करावा, असा जो बेत तू सविस्तर कळविला आहेस, त्यात लेबलाचे नाव, बोधचिन्ह, रंगसंगती आणि पहिल्या महिन्यात टाकावयाच्या रिळांचा तपशील यांनीच चार पाने व्यापली आहेत. गाण्याचा मालक कोण, आणि पैसा आलाच तर तो कोणास किती द्यावयाचा, याविषयी मात्र एक ओळही नाही. मेटल नावाचे तुमचे संगीत मला कळत नाही, हे आधीच कबूल करतो (त्यातील गायक इतका संतापलेला का असतो हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही). परंतु उमेदीची वर्षे पुण्यातील एका कॅसेट-प्रकाशकाकडे हिशेबनीस म्हणून काढलेल्या माणसास या धंद्याची मेख कोठे असते एवढे ठाऊक असते, आणि त्या अधिकारानेच हे लिहीत आहे.

आमच्या कीर्दीत त्या काळी एका मासल्याच्या नोंदी सर्रास असत: ‘भजनी मंडळ, मानधन रोख’, पुढे आकडा, आणि रेव्हेन्यू स्टँपावर बुवांची सही. कोणत्या कॅसेटीसाठी, किती वर्षांसाठी, चाल बुवांची की परंपरेची, पखवाज कोणी वाजविला, याचा उल्लेख नाही. कॅसेट पडून राहिली तर या मौनाने कोणाचेच बिघडत नसे. ती जत्राजत्रांतून वाजू लागली म्हणजे मात्र बुवांचे चिरंजीव दुकानात येऊन उभे राहत आणि मालक मला ती नोंद काढून दाखवावयास सांगत. त्या नोंदीवरून बुवांचा हक्क शाबीत होत नसे, तसा मालकाचाही होत नसे. अमुक दिवशी अमुक रुपये हातोहात गेले, एवढेच काय ते शाबीत होई. तुझे बँडवाले आज तुझे मित्र आहेत, म्हणून लिखापढी नको असे तुला वाटते. मैत्री आहे तोवरच ती करावी. वितुष्ट आल्यावर मसुदा करावयास बसलेली माणसे गाण्याचा विचार करीत नाहीत.

कायद्याने काम बरेच सोपे करून ठेवले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमान्वये हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता हक्क मिळाला असे मानले जाते, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात अन्यथा म्हटले नसल्यास, तो आपोआप सुटतो. म्हणजे ‘कायमचे सगळे माझे’ असे मनात धरून मोघम कागद करणारा लेबलवाला परदेशातील श्रोत्यांच्या बाबतीत कोरडाच राहण्याचा संभव आहे. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने शब्द आणि चाल रचणाऱ्यांना रॉयल्टीचा जो समान वाटा दिला, तो त्यांना वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणाच्या नावे करून देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. तेव्हा तसे कलम कोणी चतुर मित्र तुझ्या मसुद्यात घालू म्हणेल तर त्यास ते निरर्थक असल्याचे सांग.

हे कोरडे वाटत असेल तर आपल्या शेजारचेच उदाहरण घे. खंबाटकी घाट ओलांडून वाईस गेले की पसरणी लागते. शाहीर कृष्णराव साबळे त्या गावचे. २०२३ साली ज्या गीतास राज्यगीताचा मान मिळाला, त्यास आवाज त्यांचा, शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची. ऐकणाऱ्यास ते एकसंध गीत वाटते, आणि तसे वाटावे हीच त्या तिघांची थोरवी. पण दप्तराच्या दृष्टीने त्यात शब्द, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण असे चार निरनिराळे हक्क एकत्र नांदत असतात. यांतील ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणणाऱ्याचा, म्हणजे तुमच्या गाण्यांच्या बाबतीत तुझा, आणि तो प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. तुझ्या बँडाच्या गिटारवाल्याने रात्री पाळीवरून येऊन रचलेल्या चालीसही हाच हिशेब लागू आहे.

म्हणून प्रत्येक गाण्यास वहीचे एक पान दे. गाण्याचे नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजविले, मुद्रण कोठे व कधी झाले, कोणाचा शेकडा किती, आणि खाली सर्वांच्या सह्या. त्याच पानावर आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक लिही. जगात कोठेही ते गाणे वाजले तरी त्याची ओळख त्या क्रमांकाने पटते, आणि मिश्रण बदलून नवे मुद्रण केलेस तर क्रमांकही नवा घ्यावा लागतो. बँडाचे नाव सर्वत्र एकाच लेखनाने जाऊ दे. एकदा जोडून आणि एकदा तोडून लिहिलेस तर ऐकण्याच्या सेवांवर एकाच्या दोन मंडळ्या होतात आणि श्रोते दोहोंत विभागले जातात. शब्द-चाल करणाऱ्यांस आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेचे सभासदत्व घ्यावयास सांग. तो वाटा तुझ्या हातून जाण्याचे कारणच नाही.

तू म्हणतोस, छोट्या लेबलाचे दिवस गेले. मला तसे वाटत नाही. हिज मास्टर्स व्हॉइसचा दरारा असतानाच १९३५ च्या सुमारास मुंबईत ‘यंग इंडिया’ हा शिक्का निघाला आणि मोठ्या कंपनीने न उचललेल्या पुष्कळ होतकरू गायकांच्या तबकड्या त्याने काढल्या. कॅसेटींच्या काळात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने अभिजात गायकांच्या मैफली आणि पु. ल. देशपांडे यांची कथाकथने घरोघर पोहोचविली. तुझ्या संगीतातही मुंबईच्या डीमनस्टीलर रेकॉर्ड्सने आपल्या देशातील मेटल बँड प्रसिद्ध केले. आणि ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे मुंबईचेच लेबल आज परदेशी बँडांची ध्वनिमुद्रणे परदेशी गिऱ्हाइकांस विकते. त्याचा चालक आधी या संगीतावर समीक्षा लिहीत असे, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. कोणता श्रोता कशास भुलतो हे त्यास माल काढण्यापूर्वीच कळले होते.

आता पुकाऱ्याविषयी. स्पॉटिफायसारख्या सेवेत सर्वांच्या वर्गणीचा पैसा एकत्र होऊन वादनसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो, आणि २०२४ पासून बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्यास तेथे काहीच मिळत नाही. तेव्हा तिला उत्पन्नाचे साधन न समजता दवंडी समज. गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वी किमान सात दिवस आधी ते त्यांच्या निवडकर्त्यांकडे अर्जासह जाऊ दे. तू मात्र महिन्याची सवड ठेव, कारण बँडवाले अंतिम मिश्रण वेळेवर देतील हा भरवसा मला नाही. पैसे घेऊन वादनसंख्या फुगवून देणारे तुला गाठतीलच; त्यांच्या नादी लागलास तर गाणे उतरविले जाईल, दंडही बसेल, आणि मिळविलेले श्रोते मुळात अस्तित्वातच नसतील. विक्री करावयाची ती बँडकँपवर कर. तेथे डिजिटल विक्रीवर शेकडा पंधरा आणि वस्तूंवर शेकडा दहा कापून घेतात, पण विकत घेणाऱ्याचा पत्ता तुझ्या हाती येतो. असे नावनिशीवार दोनशे ग्राहक मला अनामिक लाखापेक्षा अधिक मोलाचे वाटतात. त्यांना प्रत्येकास स्वतः उत्तर लिहीत जा.

‘तांबडी चामडी’ हे मराठी शब्दांचे गाणे २०२४ साली नेदरलंड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढले आणि ते सर्वतोमुखी झाले, त्यामुळे तुझ्या मंडळींचे डोळे दिपले असल्याचे तुझ्या अक्षरावरूनच दिसते. मराठी बाहेर चालत नाही, हा गैरसमज त्याने दूर केला, हे उत्तमच झाले. पण त्या यशावर पुढील वर्षाचा अंदाजपत्रकी जमेचा आकडा बसवू नकोस. पहिल्या ध्वनिमुद्रणाचा खर्च बुडीत धर, कर्ज काढू नकोस, आणि वसुली होण्याआधी बँडाच्या वाट्यातून कोणता खर्च वजा होणार हे रुपयांत लिहून ठेव. निम्मी भांडणे या वजावाटीवरूनच होतात. दर सहा महिन्यांनी हिशेबाची नक्कल प्रत्येकास पाठव, बाकी शून्य असली तरी.

आणखी एक कलम राहिले. तुझ्या एका बँडाचा ड्रम वाजविणारा मुलगा येथील औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. त्याची उद्या चेन्नईस बदली झाली तर वाजविलेल्या गाण्यांतील त्याचा वाटा राहील, पण बँडाच्या नावावर हक्क कोणाचा? याचे उत्तर चौघे चार तऱ्हांनी देतील. मसुदा आधी मला पाठव, आणि त्यात हे कलम नसेल तर येत्या रविवारी सर्वांना घेऊनच ये. येथे बसून ते लिहून काढू. ताईस नमस्कार.

कळावे,
तुझा मामा