मनुष्याची इच्छा स्वतंत्र आहे काय?

कपाळीं लिहिलेलें टळत नाहीं, असें आमच्या गांवोगांवीं आजही म्हणतात. ही समजूत ज्यांनीं टाकिली आहे त्यांच्या तोंडींही तीच गोष्ट निराळ्या वेषानें येते. "माझा स्वभावच असा; वडीलही असेच तापट होते; मीं काय करावें?" असें म्हणून मनुष्य स्वस्थ बसतो. आपलीं कृत्यें आपण करितों, कीं तीं आपणांकडून करविलीं जातात, हा वाद मानसशास्त्रांतही फार दिवस चालला आहे. पहिल्या मतास इच्छास्वातंत्र्य व दुसऱ्यास नियतिवाद म्हणतात. दोन्ही बाजू आम्ही वाचकांपुढें मांडितों.

नियतिवादाची बाजू प्रथम ऐकूं. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर ह्यांनीं १९७१ सालीं ह्या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या कृत्याचें फळ इष्ट येतें तें मनुष्य पुन्हा करितो, व अशा रीतीनें परिस्थितिच त्यास घडवीत असते; हीं कारणें आपणांस दिसत नाहींत, म्हणून आपण त्यास स्वतंत्र समजतों.

पुढें १९८३ सालीं बेंजामिन लिबेट व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं माणसांस सांगितलें कीं, मनास येईल तेव्हां मनगट हालवा, आणि ती इच्छा उठली त्या क्षणीं घड्याळावरील फिरता ठिपका कोठें होता तें लक्षांत ठेवा. इच्छेची जाणीव हालचालीच्या सुमारें एक पंचमांश सेकंद अगोदर झाली. परंतु मेंदूंतील विजेची चळवळ त्याच्याही सुमारें एक तृतीयांश सेकंद आधीं सुरू झाली होती. मेंदूनें आधीं ठरविलें व मनास मागून कळलें, असें पुष्कळांनीं अनुमान काढिलें.

परंतु येथें घाई करूं नये. स्वतः लिबेट ह्यांचें मत असें होतें कीं, इच्छा जाणवल्यावरही ती रोखण्यास मनुष्यास अवकाश असतो. २०१२ सालीं आरन शर्गर व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, ती पूर्वचळवळ म्हणजे झालेला निर्णयच, असें मानण्याचें कारण नाहीं. मेंदूंत सदैव चालणारे चढउतार एका मर्यादेस पोंचले म्हणजे हालचाल घडते, असें धरूनही तिचा उलगडा होतो. शिवाय उगाच मनगट हालविणें निराळें, आणि देणें फेडावें कीं बुडवावें ह्याचा रात्रभर विचार करणें निराळें.

आतां एका मनुष्याची हकीकत पाहा. विल्यम जेम्स हे पुढें मानसशास्त्राचे मोठे आचार्य झाले. परंतु १८७० सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, ते शरीरानें व मनानें खचले होते. सर्व कांहीं पूर्वींच ठरलें असेल तर धडपड कशास, हा विचार त्यांस खात होता. त्या एप्रिलांत फ्रेंच तत्त्वज्ञ रनूव्हिए ह्यांचा निबंध वाचून त्यांनीं रोजनिशींत निश्चय लिहिला कीं, इच्छा स्वतंत्र आहे असें धरूनच यापुढें चालावयाचें. ते एका दिवसांत बरे झाले नाहींत. खिन्नता पुनःपुन्हा येत राहिली. तरी त्यांनीं पाऊल टाकिलें. १८९० च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं शिकविलें कीं, नवी संवय जोरानें सुरू करावी, व ती मुरेपर्यंत एकदांही खंड पडूं देऊं नये.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें. कारणें आहेत हें खोटें नाहीं. मद्यप्याच्या मुलास त्या व्यसनाचा धोका अधिक असतो; हें जाणून दुसऱ्याचा न्याय करितांना आपण सौम्य असावें. परंतु स्वतःचा हिशेब देतांना त्याच कारणांची ढाल करूं नये. ज्यास आपल्या मोहाचें कारण कळलें, तो त्यावर उपाय करूं शकतो: मजुरीचे पैसे पत्नीच्या हातीं देतो, गुत्त्याचा रस्ता सोडून दुसऱ्या वाटेनें घरीं जातो. नियतिवादी म्हणेल, ही निवडही पूर्वकारणांनींच झाली. ह्याचें शेवटचें उत्तर कोणत्याही प्रयोगानें अद्याप दिलेलें नाहीं. परंतु संध्याकाळीं दोन वाटा फुटतात तेथें उभ्या असलेल्या मनुष्यास त्या उत्तरासाठीं थांबतां येत नाहीं. त्यास कोणत्या तरी वाटेनें चालावयाचेंच असतें.

घरीं विचार करण्याकरितां: १. "माझा स्वभावच असा" असें आपण कोणत्या गोष्टीविषयीं म्हणतों? २. त्या गोष्टीचें कारण कोणतें, व ह्या आठवड्यांत त्यांतलें काय बदलतां येईल?