संगणकातील अधिकार आणि त्यांचे अपहरण

राज्यशास्त्राच्या तासाला आपण सत्ता आणि अधिकार यांतील भेद शिकतो. कोणाला काय करण्याची मुभा आहे व ती कोणी दिली, हा त्या शास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. हाच प्रश्न संगणकालाही पडतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. हा विषय विज्ञान शाखेचा, असे म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो सोडून देणे योग्य नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे माझ्या शिष्यवृत्तीपासून वडिलांच्या पीक विम्यापर्यंत सर्व अर्ज मीच भरतो, आणि तेही सामायिक संगणकावर. आधार क्रमांक व बँक खाते ज्या यंत्राच्या स्वाधीन करायचे, त्याचा कारभार कसा चालतो हे आपण जाणले पाहिजे.

अधिकारांची उतरंड

संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज व लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे. तिच्या राज्यात सर्व वापरकर्ते समान नसतात. सामान्य वापरकर्ता स्वतःच्या फायली उघडू शकतो; दुसऱ्याच्या खाजगी फायली त्याला बंद असतात. सर्वाधिकारी मात्र काहीही वाचू, बदलू वा पुसू शकतो. त्याला लिनक्समध्ये ‘रूट’ आणि विंडोजमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असे म्हणतात.

परंतु सामान्य माणसालाही कधीकधी वरच्या अधिकाराचे काम पडते. स्वतःचा पासवर्ड बदलायचा, तर पासवर्डांची नोंदवही रूटच्या ताब्यात! यावर बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीसाठी तोड काढली. काही ठराविक प्रोग्राम कोणीही चालवले, तरी ते रूटच्या अधिकाराने चालावेत, अशी ती योजना. साहेबांनी आपला शिक्का शिपायाच्या हाती द्यावा, पण तो अमुकच कागदावर उठवावा अशी अट घालावी, तसेच हे झाले. आता त्या शिपायाला कोणी फसवून हव्या त्या कागदावर शिक्का घेतला तर? यालाच अधिकारवृद्धी म्हणतात, आणि ज्या चुकीमुळे ती शक्य होते तिला अधिकारवृद्धीची त्रुटी.

एक बोलके उदाहरण

लिनक्सच्या बहुतेक प्रमुख आवृत्त्यांत ‘पीकेएक्झेक’ नावाचा असाच शिक्काधारी प्रोग्राम असतो. २५ जानेवारी २०२२ रोजी क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी त्यातील त्रुटी जाहीर केली. तिला ‘पॉनकिट’ हे नाव पडले. मे २००९ मध्ये प्रोग्राम लिहिला गेला तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, ती त्यात होती.

चूक दिसायला क्षुल्लक होती. प्रोग्राम सुरू होताना त्याला दोन याद्या मिळतात. पहिली सूचनांची, दुसरी भोवतालच्या परिस्थितीची. स्मृतीत त्या एकीला लागून एक असतात. पहिल्या यादीत निदान प्रोग्रामचे स्वतःचे नाव तरी असणारच, असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले. कोणी ती यादी मुद्दाम पूर्ण रिकामी पाठवली, की प्रोग्राम हद्द ओलांडून दुसऱ्या यादीत लिहू लागे. अशा शिक्काधारी प्रोग्रामच्या दारातच धोकादायक नोंदी गाळल्या जातात. पण त्यांपैकी एक या मार्गाने पुन्हा आत शिरे आणि परक्याचा प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही त्रुटी दुरून वापरता येत नव्हती. आधी त्या संगणकावर साधे खाते हवे. परंतु प्रयोगशाळेतील संगणकावर असे खाते तर प्रत्येकापाशी असते! म्हणून सामायिक संगणकाला हा धोका अधिक.

संरक्षणाचे उपाय

१. दुरुस्त्या वेळेवर बसवणे. हा मुख्य उपाय होय. पॉनकिट जाहीर झाल्यावर काही तासांतच तिचा गैरवापर करणारे प्रोग्राम प्रसृत झाले. दुरुस्ती मात्र उपलब्ध होती. ज्या प्रणालीला दुरुस्त्या मिळणेच बंद झाले, तिच्यावर विसंबू नये. विंडोज ७ चा सर्वसाधारण पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

२. शिक्के कमी करणे. दुरुस्ती बसेपर्यंत पीकेएक्झेकचा विशेषाधिकार काढून घ्यावा, असा सल्ला तेव्हा दिला गेला. गरज नसलेले असे प्रोग्राम मुळात ठेवूच नयेत.

३. नित्याच्या कामासाठी सामान्य खाते वापरणे. सर्वांनी ॲडमिनिस्ट्रेटरच्या एकाच खात्यावर काम केले, तर चोराला त्रुटी शोधण्याचेही कष्ट नकोत. सामान्य खाते पॉनकिटसारख्या त्रुटीला अडवत नाही हे खरे, परंतु वाट अवघड करते.

४. प्रत्येकाचे खाते व पासवर्ड वेगळे ठेवणे, सोडून गेलेल्यांची खाती बंद करणे आणि कोणी केव्हा वरचा अधिकार वापरला याच्या नोंदी तपासणे.

समारोप

प्रत्येक प्रोग्रामला व वापरकर्त्याला कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व सॉल्त्झर व श्रोडर यांनी १९७५ सालच्या आपल्या निबंधात मांडले होते. अमर्याद सत्तेवर अंकुश हवा, असे आपली पाठ्यपुस्तकेही सांगतात. आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातही प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र सामान्य खाते मिळावे आणि दुरुस्त्या बसवण्याचा दिवस ठरलेला असावा, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो. त्याला फारसा खर्च नाही, आणि त्या यंत्रावर अर्ज भरणाऱ्या कित्येक घरांची कागदपत्रे त्यामुळे अधिक सुरक्षित राहतील.