शिक्षेवरील अपील

‘न्यायालयाने शिक्षा सुनावली, खटला संपला,’ असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः फौजदारी न्यायाचा एक महत्त्वाचा भाग त्यानंतर सुरू होतो. तो म्हणजे अपील. पुष्कळांस ती अपराध्याने शोधलेली पळवाट वाटते. हा समज कितपत खरा आहे, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

समजा, बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात शेताच्या बांधावरून तंटा झाला. एकाने रागाच्या भरात कोयत्याचा घाव घातला व दुसऱ्याच्या हाताचे हाड मोडले. सत्र न्यायालयाने हा खुनाचा प्रयत्न ठरवून आरोपीस सात वर्षांची सक्तमजुरी दिली. ह्यावर ६० दिवसांच्या आत उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे अपील करता येते. अपील केल्याने शिक्षा आपोआप थांबत नाही. न्यायालयाने ती स्थगित केली, तरच आरोपी जामिनावर बाहेर येतो.

अपिलात साक्षीदारांस सामान्यतः पुन्हा बोलावीत नाहीत. न्यायमूर्ती नोंदलेल्या साक्षी, वैद्यकीय दाखला व निकालपत्र तपासून दोन प्रश्नांचा विचार करतात. दोष सिद्ध झाला आहे काय? आणि झाला असल्यास शिक्षा अपराधाच्या मानाने योग्य आहे काय? ठार मारण्याचा हेतू पुराव्यातून दिसत नसेल, तर खुनाच्या प्रयत्नाऐवजी घातक शस्त्राने जबर दुखापत केल्याचा दोष ठेवता येतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११८व्या कलमान्वये त्यास किमान एक वर्षाचा कारावास आहे. तो दहा वर्षांपर्यंत, किंवा जन्मठेपेपर्यंतही जाऊ शकतो. म्हणजे अपराधी सुटत नाही. त्याच्या कृत्यास त्याचे खरे नाव मिळते.

आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढविता येत नाही. ती अपुरी वाटल्यास सरकार वेगळे अपील करू शकते. जखमी मनुष्यासही २००९ पासून आरोपीची निर्दोष सुटका, सौम्य गुन्ह्याखालील दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई ह्यांविरुद्ध अपिलाचा हक्क आहे.

परंतु ज्याच्यापाशी वकिलास द्यावयास पैसा नाही, त्याने काय करावे? १९७८ साली महाराष्ट्रातील एक कैदी चार वर्षांहून अधिक विलंबाने सर्वोच्च न्यायालयाकडे आला. त्याचा गुन्हा निराळा, बनावट कागदपत्रांचा होता. निकालपत्राची प्रत आपल्या हाती पडलीच नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांच्या न्यायपीठाने त्याची याचिका फेटाळली. तथापि कैद्यास निकालाची प्रत वेळेवर व विनामूल्य मिळाली पाहिजे आणि गरिबास अपिलासाठी मोफत वकील दिला पाहिजे, असे निक्षून सांगितले. आज हिंडलग्याच्या कारागृहातील कैदी तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही आपले अपील पाठवू शकतो.

न्यायाधीश हाही मनुष्यच. त्याच्या हातून चूक होणे संभवते. ती चूक दुरुस्त करण्याची वाट उघडी ठेवणे म्हणजे अपराधावर पांघरूण घालणे नव्हे. जखमीचे दुःख मोठे असते, म्हणूनच त्याच्या नावाने दिली जाणारी शिक्षा तोलून दिलेली असावी.