दुचाकीस्वाराचे संरक्षक कवच : कितपत पुरेसे?

आपले शहर दुचाकींचे शहर आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीतील बजाज ऑटोच्या कारखान्यात १९८५ पासून दुचाकी वाहने तयार होत आहेत आणि वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथे पाळीवर जाणारा फार मोठा कामगारवर्ग दुचाकीवरूनच ये-जा करतो. साहजिकच आमच्या अपघात विभागात येणाऱ्या जखमींमध्ये दुचाकीस्वारांची संख्या नेहमीच लक्षणीय असते. अलीकडे त्यांत एक नवा वर्ग दिसू लागला आहे. रविवारी पहाटे म्हैसमाळ, वेरूळ किंवा अजिंठ्याच्या दिशेने निघणारी तरुण मंडळी आता कोपरांवर, खांद्यांवर व गुडघ्यांवर कवच बसवलेले खास पोशाख वापरतात. त्यांचे आईवडील आम्हांला विचारतात, "डॉक्टरसाहेब, एवढे महागाचे जॅकेट घेऊन दिले, आता काळजी मिटली ना?"

या प्रश्नाला 'हो' म्हणणे जितके चुकीचे, तितकेच 'नाही' म्हणणेही चुकीचे ठरेल. म्हणून यंदाच्या अहवालातील या लेखात आम्ही या विषयाचा थोडा सविस्तर विचार करीत आहोत.

कवच म्हणजे नेमके काय?

दुचाकीस्वाराच्या पोशाखाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे बाहेरचे कापड किंवा चामडे. रस्त्यावर घासले गेले तरी ते लवकर फाटू नये, एवढेच त्याचे काम. दुसरा भाग म्हणजे खांदे, कोपर, गुडघे व पाठ या ठिकाणी आतून बसवलेल्या जाड गाद्या. यालाच सामान्यतः कवच म्हणतात. यांपैकी काही गाद्या विशेष द्रव्याच्या असतात. मक्याच्या पिठात थोडे पाणी घालून केलेला घट्ट लगदा हळूच दाबला तर मऊ लागतो, पण त्यावर जोरात बुक्की मारली तर टणक होतो. या गाद्यांचा गुणही साधारण तसाच आहे. एरवी त्या शरीराबरोबर वाकतात, आघात होताच घट्ट होतात आणि तो आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवतात.

युरोपात या गाद्यांसाठी 'ईएन १६२१' हे मानक आहे. त्यात सुमारे ५ किलो वजनाचा ठोकळा १ मीटर उंचीवरून गादीवर टाकतात आणि खालच्या बाजूस किती बल पोहोचले ते मोजतात. हातापायांच्या कवचासाठी पहिल्या श्रेणीत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि दुसऱ्या श्रेणीत २० किलोन्यूटनपर्यंत बल पोहोचलेले चालते. पाठीच्या कवचासाठी हीच मर्यादा अनुक्रमे १८ व ९ किलोन्यूटन इतकी आहे. हे आकडे सांगण्याचे कारण असे की, १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो वजनाचा भार होय. माणसाचे हाड ३५ किलोन्यूटनपेक्षा पुष्कळ कमी बलानेही मोडू शकते. म्हणजे कवच कसोटीला उतरले तरी त्याखालचे हाड वाचेलच, अशी हमी ती कसोटी देत नाही.

पडणे आणि धडकणे

या विषयाचे सारे मर्म एका फरकात आहे. गाडीवरून पडणे वेगळे आणि कशावर तरी जाऊन धडकणे वेगळे.

गाडी घसरली की स्वार साधारण १ मीटर उंचीवरून खाली पडतो. इतक्या उंचीवरून जमिनीवर आदळताना शरीराचा खाली जाण्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो, मग गाडी कितीही वेगात असो. पुढे जाण्याचा वेग मात्र तसाच शिल्लक राहतो आणि रस्त्यावर घसरत घसरत हळूहळू संपतो. वाटेत काही आडवे आले नाही, तर या अपघातात मुख्य धोका दोनच गोष्टींचा : सांध्यांवर बसणारा पहिला आघात आणि कातडी सोलून निघणे. या दोन्हींसाठीच कवचाची व जाड कापडाची रचना झालेली आहे.

परंतु ताशी ५० किलोमीटर वेगातील स्वार एखाद्या ट्रकवर, दुभाजकावर किंवा झाडावर आदळला, तर तो आघात सुमारे १० मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीच्या उंचीवरून पडण्याएवढा असतो. बोटभर जाडीची गादी अशा आघातापुढे किती पुरी पडणार, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आमच्या अनुभवातील दोन चित्रे येथे मांडतो. ती कोणा एका रुग्णाची नाहीत. अनेकांच्या हकिगतींतून ती आमच्यासमोर वारंवार येतात. दौलताबादकडून खुलताबादला चढणाऱ्या घाटात वळणावरील बारीक खडीवरून गाडी घसरते. स्वार दहा-पंधरा मीटर फरफटत जाऊन थांबतो. जॅकेटची बाही कोपरावर पार झिजलेली असते, पण खाली कोपर शाबूत असते. जखमा धुऊन, पट्टी करून तो संध्याकाळी घरी जातो. बाही नसती, तर त्याच जखमेत रुतलेले खडीचे कण काढण्यासाठी भूल द्यावी लागली असती आणि पुढे कदाचित त्वचारोपणही.

दुसरे चित्र ऊस हंगामातील आहे. रात्रीच्या वेळी पैठण किंवा गंगापूरच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असते. स्वाराला ती दिसते तेव्हा ब्रेकला अवसर उरलेला नसतो. छाती व पोट ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर आदळतात. जॅकेटला साधा ओरखडाही नसतो. आत मात्र बरगड्या मोडलेल्या असतात, यकृत किंवा प्लीहा फाटलेली असते. जॅकेट तेच, पण निष्पत्ती अगदी वेगळी.

अभ्यास काय सांगतो?

या बाबतीत ऑस्ट्रेलियातील एक पाहणी विशेष उल्लेखनीय आहे. २००८-०९ मध्ये कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांचे पोशाख व दुखापती यांची तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दुचाकीसाठीचे खास जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ येण्याचा संभव सुमारे एकपंचमांशाने कमी आढळला. खास पँट वापरणाऱ्यांत तो निम्म्यावर आला आणि हातमोजे वापरणाऱ्यांत निम्म्याहूनही खाली. पोशाखात कवच बसवलेले असेल, तर हात, मनगट, पाय व घोटे यांच्या दुखापतींचे प्रमाण आणखी घटलेले दिसले. पादत्राणांबाबतही एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. साधे, दुचाकीसाठी न बनवलेले पण घोटा झाकणारे बूटही नेहमीच्या बुटांपेक्षा पायाचे रक्षण बरेच अधिक करीत होते.

याच पाहणीचे आणखी दोन निष्कर्ष जाहिरातीत सहसा वाचायला मिळत नाहीत. कवच घातल्याने हाडे मोडण्याचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले नाही. शिवाय तपासलेल्या जॅकेट, पँट व हातमोज्यांपैकी साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक अपघातात फाटून निकामी झाले होते. तेव्हा दुकानात टांगलेला प्रत्येक पोशाख सारखाच, असे समजून चालणार नाही.

कवच जेथे पोहोचत नाही

दुचाकीच्या अपघातात प्राण जातो तो बहुधा डोके, छाती, पोट किंवा ओटीपोटाच्या हाडांना झालेल्या इजेने. कोपर व गुडघ्यावरील कवचाचा या भागांशी संबंध नाही. पाठीचे कवच थेट बसणाऱ्या मारापासून पाठ वाचवते. परंतु मणक्याच्या गंभीर इजा पुष्कळदा मान किंवा कंबर वेडीवाकडी वाकल्याने, पिळली गेल्याने वा डोक्याकडून भार आल्याने होतात. तेथे ते फारसे कामी येत नाही. छाती व मानेभोवती क्षणात फुगणाऱ्या हवेच्या पिशवीची जॅकेटे आता निघाली असून मोटोजीपी शर्यतींत २०१८ पासून ती सक्तीची आहेत. हे पाऊल निश्चितच पुढचे आहे. पण त्यांची किंमत अजून सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

डोक्याचे रक्षण मात्र आवाक्यात आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात दगावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये शिरस्त्राणाच्या उपयोगाविषयी आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर जगभर झालेल्या अभ्यासांचा २००८ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा आकडा वाचून आम्हांला वाटते की, अंगावर भारी जॅकेट आणि हेल्मेट आरशाला अडकवलेले, हे आपल्या जालना रस्त्यावर दिसणारे दृश्य थांबले पाहिजे.

आपल्या कुटुंबाने काय करावे?

मराठवाड्यातील मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात पाळीवर जाणाऱ्या कामगाराने चामड्याचा पोशाख घालावा, असे सांगणे व्यवहाराला धरून होणार नाही. म्हणून खर्चाचा व काळजीचा क्रम आम्ही असा सुचवतो :

१. प्रथम आयएसआय चिन्हाचे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट घ्यावे, तेही चालवणाऱ्यासाठी व मागे बसणाऱ्यासाठी मिळून दोन. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला हे चिन्ह बंधनकारक आहे. हनुवटीखालचा पट्टा न लावलेले हेल्मेट आघाताच्या वेळी डोक्यावर राहत नाही.

२. नंतर पायांकडे लक्ष द्यावे. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट घालावेत. कारखान्यात मिळणारे सुरक्षा बूट घालूनच घरून निघाले, तर वेगळा खर्चही नाही.

३. मग हातमोजे. पडताना माणूस आधी हात टेकतो. तळहाताची कातडी गेलेला कामगार कित्येक आठवडे कामावर जाऊ शकत नाही.

४. त्यानंतर ऐपतीप्रमाणे जॅकेट व पँट. उन्हाळ्यासाठी जाळीदार कापडाची मिळतात. कवच सांध्यावर नेमके बसले पाहिजे. सैल जॅकेटमधील कवच पडताक्षणी बाजूला सरकते. आतल्या गादीवर मानकाचा क्रमांक व श्रेणी छापलेली आहे ना, हे पाहावे. नुसता फोम भरलेलाही माल बाजारात असतो.

५. साडी, ओढणी व लहान मुलांचे पाय यांसाठी मागच्या चाकावरील जाळी काढून टाकू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तिची तरतूद आहे. चाकाच्या आऱ्यांत टाच अडकलेली मुले पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पडल्यानंतर

कवच घातलेल्या जखमीबाबत एक विशेष सूचना आहे. रक्त दिसत नाही आणि जॅकेट फाटलेले नाही, म्हणून मार लागलेला नाही, असे मानू नये. आपल्याकडे ज्याला मुका मार म्हणतात, तोच पुष्कळदा जीवघेणा ठरतो. पोटात वाढत जाणारी वेदना, डाव्या खांद्यात कारण नसता दुखणे, चेहरा पांढुरका पडणे, सतत तहान लागणे, नाडी जलद चालणे किंवा लघवीतून रक्त जाणे यांपैकी काहीही दिसल्यास एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. 'थोडा वेळ पडून राहतो, बरे वाटेल' असे म्हणून घरी गेलेले रुग्ण रात्री बेशुद्धावस्थेत येतात. तोवर हाती असलेला मोलाचा वेळ निघून गेलेला असतो.

रस्त्यावर मदत करणाऱ्यांनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास अडत नसेल, तर हेल्मेट ओढून काढू नये. जॅकेटही ओढू नये, आम्ही ते कापून काढतो. जखमीला पाणी किंवा चहा देऊ नये, कारण त्याला तातडीने भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याने प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यास संरक्षण दिलेले आहे. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने कोणी मागे राहू नये.

तेव्हा त्या आईवडिलांना आमचे उत्तर असे : जॅकेट जरूर घेऊन द्या. ते मुलाची कातडी वाचवील, सांध्यांचा मार हलका करील आणि रुग्णालयातील कित्येक दिवस टाळील. पण ते त्याला वेगाची मोकळीक देत नाही. धडक टाळणे हे कवचाचे काम नाही. ते हातातील ब्रेकचे, डोळ्यांचे आणि संयमाचे काम आहे. जॅकेट देताना हे एवढे सांगूनच ते मुलाच्या हाती द्यावे, ही आमची सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे.