दुर्बिणीचे पाय आधी बघा

दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट मोठं दिसतं’ असं छापलेलं असेल, तर ते खोकं घरी आणू नका. वांगणीला आकाशदर्शनाच्या रात्री मी बरीच वर्षं दुर्बीण लावून उभी असते. दर हिवाळ्यात कुणी ना कुणी आई-बाबा अशी दुर्बीण काखोटीला मारून येतात. ‘ताई, यातून काहीच दिसत नाही हो, जरा बघता का?’ सोबत हिरमुसलेलं मूल. वाढदिवसाची भेट असते ती.

भिंग बहुतेक वेळा बरं असतं. व्यास ६० मिलिमीटर, नाभीय अंतर ७००. त्याला ४ मिलिमीटरची आयपीस लावली की १७५ पट, मध्ये तिपटीचं बार्लो भिंग घातलं की ५२५. हिशेब बरोबर आहे, पण व्यासाच्या दर मिलिमीटरमागे साधारण दोन पट एवढीच भिंगाची झेप. म्हणजे इथे १२०. त्यापुढे चित्र फुगतं आणि अंधूक होतं, बारकावे वाढत नाहीत.

खरं दुखणं पायांत असतं. काटकुळं, डुगडुगणारं स्टँड. फोकसच्या चाकाला बोट लागलं की शनी थरथरायला लागतो. थरथर थांबेपर्यंत हात काढून थांबावं, तर पृथ्वी फिरत असल्यामुळे ५२५ पटीला तो वीसेक सेकंदांत नजरेच्या वर्तुळातून निघूनही जातो. मूल डोळा लावून काळोख बघत बसतं आणि आपल्यालाच जमत नाही असं समजतं. याचं मला फार वाईट वाटतं.

अशी दुर्बीण हातात आली की मी बार्लो आणि ४ची आयपीस काढून २०ची लावते. ३५ पट पुष्कळ झाले. स्टँडचे पाय पूर्ण आत घेते आणि मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगते. शोधक दुर्बीण दिवसाउजेडी लांबच्या टॉवरवर जुळवून ठेवायला सांगते; रात्री अंधारात ते जुळवणं नवख्याला जमत नाही. मग चंद्रावरची विवरं दिसतात, गुरूचे चारही मोठे चंद्र ओळीत दिसतात. गॅलिलिओनं १६१० साली पाहिले तेच.

एक वस्तू मात्र मी परत देत नाही, पालकांना विचारून तिथेच फोडून टाकते: आयपीसला लावायची, ‘सन’ लिहिलेली काळी काच. भिंग सूर्याची सगळी उष्णता तिच्यावर एकवटतं, काच तापून तडकते, आणि तिच्या मागे मुलाचा डोळा असतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचंही त्या क्षणी समजत नाही. सूर्य बघायचा तर त्यासाठीच बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, पुढच्या बाजूला घट्ट बसवायचा आणि शोधक दुर्बीण झाकायची. मुलाला एकट्याला तिथे सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

अजून काही घेतलं नसेल तर घाई नको. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला कार्यक्रम करतं. तिथे वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून बघा, चाक फिरवून बघा, माणसांना प्रश्न विचारा. तोवर १०×५०ची द्विनेत्री पुरे: कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, अंधाऱ्या गावी देवयानी दीर्घिकासुद्धा तिच्यातून दिसते. ती पुढेही कायम कामी येते.

मग सहा इंची डॉब्सोनियन घ्या. जॉन डॉब्सननं सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ग्रह-तारे दाखवायला ही रचना लोकप्रिय केली. आरशाची दुर्बीण एका लाकडी पेटीत बसते आणि पेटी थेट जमिनीवर. हलायला पायच नाहीत. हातानं ढकलली की सरकते, सोडली की तिथेच राहते. सहसा तिचं नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असतं. २५ची आयपीस लावली की ४८ पट, १०ची लावली की १२०, आणि शनीची कडी मुलाला स्वतःहून दिसतात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश बंदच. तेवढ्या महिन्यांत काचांवर बुरशी धरते, म्हणून दुर्बीण कोरडी करून, टोपणं लावून, सिलिका जेलच्या पुड्या घालून कोरड्या जागी ठेवा आणि पुड्या बदलत राहा. आरशावर धूळ दिसली तरी रुमाल लावू नका. थोड्या धुळीनं चित्र बिघडत नाही, ओरखडे मात्र कायमचे राहतात.